रूळ एकाचे, जमिनीची वाढ दुसऱ्याची

रेल्वेचे उत्पन्न म्हटले की तिकीट आणि मालाचे भाडे एवढेच आपल्याला सुचते. जगातल्या पुष्कळ रेल्वे कंपन्यांच्या वह्यांत मात्र जमिनीचे एक तिसरे खाते असे आणि कित्येकदा तेच सर्वांत भरलेले असे. रूळ पडला की आजूबाजूच्या शेताचा भाव चढतो, हे कोणत्याही गावच्या जमीन-एजंटाला सांगावे लागत नाही. वाद आहे तो पुढचा: चढलेल्या भावातला वाटा रूळ टाकणाऱ्याला मिळावा का, आणि मिळायचा तर कोणत्या वाटेने?

हा प्रश्न बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत उभा केला की फार बोलका होतो. गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत इथल्या जमिनीची किंमत निदान चार वेळा पालटली. आधी आगगाडी आली, मग नीरेचा पाट, मग साखर आणि शेवटी एमआयडीसी. पाटबंधारे खात्याने, साखर कंपन्यांनी, सहकारी कारखान्यांनी आणि औद्योगिक महामंडळाने आपापल्या खेपेची वाढ आपापल्या पद्धतीने वसूल केली. रेल्वेने एकदाही केली नाही. ती वाघिणी ओढत राहिली. याचे खापर नशिबावर किंवा ‘सरकारी कारभारा’वर फोडणे सोपे आहे, पण कारण बरेच जुने आहे आणि ते करारांच्या कलमांत सापडते.

जिथे हे जमले तिथे ते कसे जमले, हे आधी पाहू. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीनच देऊन टाकली. १८५० मध्ये इलिनॉय सेंट्रलपासून सुरुवात झाली, १८६२ च्या कायद्याने युनियन पॅसिफिक आणि सेंट्रल पॅसिफिकला दान मिळाले, आणि सगळे मिळून संघ सरकारने दिलेली जमीन १३ कोटी एकरांच्या घरात गेली. ती आधी तिथे राहणाऱ्या आदिवासी जमातींची होती, हे त्या हिशेबात कुठे लिहिलेले नाही. पण ती शेतजमीन होती. कारखान्यांच्या जमिनीवर जगलेल्या रेल्वेचे खरे उदाहरण शिकागोत सापडते. शिकागो जंक्शन ही लांब पल्ल्याची रेल्वे नव्हती. मोठ्या रेल्वेंच्या वाघिणी एकमेकींकडे पोचवणे आणि कत्तलखान्यांच्या आवारात ने-आण करणे एवढाच तिचा धंदा. तिच्यामागचे भांडवलदार फ्रेडरिक प्रिन्स यांनी आवाराच्या उत्तरेची पडीक जमीन घ्यायला लावली आणि १९०५ च्या सुमारास तिथे सेंट्रल मॅन्युफॅक्चरिंग डिस्ट्रिक्ट उभे राहिले. अमेरिकेतली ही पहिली आखीव औद्योगिक वसाहत समजतात. कारखानदाराला जागा हवी तर जागा, इमारत बांधून हवी तर इमारत, पैसा कमी पडला तर कर्ज. छोट्यांचा फुटकळ माल एकत्र करून पाठवायला वेगळे मालस्थानकसुद्धा. जमिनीवर नफा झाला तर झाला. खरी कमाई पुढे दर वर्षी होती, कारण त्या वसाहतीतला प्रत्येक डबा जंक्शनच्याच रुळावरून बाहेर पडे.

जपानमध्ये असानो सोइचिरो या सिमेंटवाल्या उद्योगपतीने याच्याही पुढची मजल मारली. तोक्यो आणि योकोहामा यांच्यामधल्या उथळ समुद्रात त्याने १९१० च्या दशकात भर घालायला सुरुवात केली, जमीनच नव्याने निर्माण केली, तीवर पोलाद, सिमेंट, तेल यांचे कारखाने बसवले आणि त्यांच्यासाठी १९२६ मध्ये त्सुरुमी रिंको रेल्वे मालासाठी सुरू झाली. भागधारक कोण, तर ज्यांचे कारखाने त्या जमिनीवर उभे राहायचे होते तेच. स्थानकांची नावे वाचली तरी भागभांडवलाची यादी हाती येते: असानो हे स्वतःचे, आन्झेन बँकवाल्या यासुदा झेन्जिरोच्या नावातून घडवलेले, ओकावा कागदवाल्याचे, ओगीमाची असानोच्या घराण्याच्या पंखा-चिन्हावरून. १९४३ मध्ये युद्धकाळात सरकारने ती ताब्यात घेतली. रेल्वे गेली, जमीन उद्योगांकडे राहिली. घरांच्या जमिनीवर चाललेल्या रेल्वेंची उदाहरणे यापेक्षा प्रसिद्ध आहेत. ओसाकाजवळची हांक्यू, लंडनची मेट्रोपॉलिटन, आजची हाँगकाँगची एमटीआर यांच्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून त्यांना इथे रजा.

या उदाहरणांतून अटी निघतात त्या अशा. जमीन रूळ येण्याआधी हातात हवी. ती स्वस्त हवी, म्हणजे दलदल, माळ, खाजण, काहीही चालेल, पण पिकाऊ नको. ती एका हातात हवी. आणि रेल्वे कंपनीला जमिनीचा व्यापार करण्याची कायद्याने मुभा हवी. यातली शेवटची अट सर्वांत कमी चर्चिली जाते आणि आपल्याकडे नेमकी तिथेच गाडी रुळावरून घसरली.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा ईस्ट इंडिया कंपनीशी करार १८४९ साली झाला. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी, रुळांसाठी लागेल ती जमीन ९९ वर्षांच्या पट्ट्याने फुकट, आणि ठरावीक मुदतीनंतर सरकारला रेल्वे विकत घेण्याचा हक्क, हा त्याचा गाभा. जमीन फुकट होती, पण ती रेल्वेच्या कामापुरती. तीवर वसाहत वसवावी, प्लॉट पाडावेत, कारखानदाराला बोलवावे असे त्यात काही नव्हते. आणि कंपनीला तरी त्याची गरज काय होती? लंडनमधल्या भागधारकाला गाडी भरून गेली काय, रिकामी गेली काय, ५ टक्के ठरलेले. तूट आली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. मी तर म्हणेन की हमीने रेल्वेची जमिनीची भूकच मारली. शिकागो जंक्शनला पडीक जमिनीकडे वळावे लागले, कारण तिचा माल तिलाच मिळवायचा होता. जीआयपीला माल मिळवायची निकड नव्हती.

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला तिचा मार्ग १८५९ साली बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचला. इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने तो भीमेकाठच्या डिकसळवरून जात होता. तालुक्याचे गाव बाजूला राहिले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग झाला आणि दौंड जंक्शन बनले. त्या गावाचे सगळे रूप रेल्वे कॉलनीने घडवले. पण त्या वाढलेल्या दौंडच्या जमिनीतून रेल्वेने काही उद्योग उभा केला, असे म्हणता येत नाही. तिने घेतली ती कर्मचाऱ्यांच्या घरांपुरती आणि यार्डापुरती जागा.

बारामतीला गाडी आली १९१४ साली. दौंडहून निघणारा सुमारे ४३ किलोमीटरचा, अडीच फुटी अरुंद रुळांचा हा फाटा खासगी भांडवलातून झाला आणि चालवला जीआयपीने. अशा फाट्यांसाठी सरकारने खास अटी ठरवल्या होत्या, आणि त्या नीट समजून घेण्याजोग्या आहेत. फाट्याच्या छोट्या कंपनीला जमीन फुकट मिळे. भांडवलावर ठरावीक परतावा फाट्याच्या स्वतःच्या कमाईतून निघाला नाही, तर फाट्यावरून येणाऱ्या मालामुळे मुख्य मार्गाला जो निव्वळ लाभ होई, त्यातून भरपाई देण्याची सोय होती. बारामतीहून गुळाच्या ढेपा दौंडला आल्या आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला गेल्या, तर त्या पुढच्या प्रवासाच्या नफ्यातला तुकडा फाट्याच्या भागधारकाला. कल्पना हुशारीची होती. फाटा स्वतः तोट्यात असला तरी तो मुख्य मार्गाला दूध घालतो, हे त्यात मान्य केलेले होते. पण मोजला गेलेला लाभ फक्त रुळावरचा. बारामतीच्या गूळबाजारात, अडतीच्या पेढीत, बाजाराजवळच्या मोकळ्या जागेत जो लाभ झाला तो या गणितात धरलाच नाही. ॲकवर्थ समितीच्या १९२१ च्या अहवालानंतर सरकार रेल्वे आपल्या हातात घेण्याकडे झुकले आणि फाट्यांच्या या खासगी अटीही मागे पडल्या.

या फाट्याबद्दल एक गोष्ट नकाशावर बघितली की चटकन लक्षात येते आणि बहुतेक वेळा सुटून जाते. दौंडहून बारामतीकडे येणारी गाडी शिर्सुफळ, काटफळच्या बाजूने येते. हा तालुक्याचा जिरायती पट्टा. पाटाचे पाणी तिथे नाही. ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि पावसाळ्याची वाट. आजही जानाई-शिरसाई उपसा योजनेच्या पाण्यावर तिथे दर वर्षी वाद होतात. गाडी बारामती गावात पोचते तेव्हा कुठे बागायतीला लागते. म्हणजे १९१४ साली रुळांच्या दोन्ही अंगांना होते ते असेच, शिकागो किंवा त्सुरुमीला हवे होते तसले रान: स्वस्त, मोकळे, पिकाला नालायक. साधारण ऐंशी वर्षांनी त्याच कोरड्या अंगाला एमआयडीसी आणि विमानतळ आले. जमीन निवडली गेली ती बरोबरच. फक्त निवडणारे हात रेल्वेचे नव्हते.

आता पाटाकडे, कारण या भागाची श्रीमंती मुळात तिथली आहे. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्याला पाणी भाटघरच्या धरणाचे. पुढे १९२८ मध्ये तिथेच लॉइड धरण झाले, मग उजवा कालवा. ब्रिटिश सरकार कालव्यांची दोन खाती पाडी: दुष्काळापासून संरक्षण करणारे आणि कमाई करणारे. दख्खनचे कालवे कमाईत कच्चे निघाले होते, कारण बरा पाऊस झाला की शेतकरी पाणी घेत नसे आणि पाऊस दगावला की सगळ्यांना एकदमच हवे असे. यावर तोड काढली तरुण अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली. शेतांचे ठरावीक गट पाडायचे, त्यांना काही वर्षांच्या करारावर पाण्याची खात्री द्यायची, गटातल्या साधारण तिसऱ्या हिश्शात ऊस आणि बाकीत पाळीने दुसरी पिके, आणि त्याची पाणीपट्टी ठरलेली. पाणी कमी लागे, पैसा नियमित येई. मला हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा हिशेब वाटतो. जमिनीची वाढ खरेदी-विक्रीच्या दिवशी नाही, तर दर वर्षी पिकातून वसूल करायची. आणि शेतकऱ्याच्या हातात जास्त उरते म्हणून तो ती देतोही. रेल्वेला असे काही सुचले नाही, कारण रेल्वेचा शेताशी करार नव्हता, मालाशी होता.

वालचंद हिराचंद यांची गोष्ट इथे टाळता येत नाही. सोलापूरच्या सावकारी घरातला हा मुलगा उद्योगात शिरला तो रेल्वेचा ठेकेदार म्हणून. रेल्वेतली नोकरी सोडलेले लक्ष्मणराव फाटक हे त्यांचे भागीदार, आणि पहिले काम एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेचे. कॅलथ्रॉप यांची ही अडीच फुटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला सुटली होती, पुढे पंढरपूर, लातूर, मिरजपर्यंत गेली. तिने कापूस आणि वारकरी यांच्यावर संसार केला आणि १९५४ मध्ये ती सरकारजमा झाली. वालचंद तिथून बोरघाटाच्या बोगद्यांपर्यंत पोचले. ठेकेदारीत जमलेला पैसा त्यांनी ज्या दिशांना लावला, त्यांतली एक इंदापूर तालुक्यातल्या कळंबची माळरानाची जमीन. नीरेचे पाणी, मुरमाड रान दुरुस्त करणे, आणि मग १९३० च्या दशकात साखर कारखाना: त्याचेच वालचंदनगर झाले. रेल्वेचा पैसा जमिनीत गेला आणि जमिनीने कारखाना उभा केला, हे इंदापुरात घडले खरे. ते रेल्वेच्या ठेकेदाराने केले, रेल्वेने नाही!

ही जमीन कोणाची होती, हाही प्रश्न आहेच. कालव्यांच्या लाभक्षेत्रात साखर कंपन्यांना मोठे सलग पट्टे मिळावेत म्हणून शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने कंपन्यांकडे गेल्या. खंड मामुली, मुदत लांब. एका हाती जमीन हवी, ही अट अशी पुरी झाली. १९६१ च्या कमाल धारणा कायद्याने कंपन्यांची ती जमीन काढून घेतली आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे दिली. रत्नपुरीचा मळा त्यातलाच. मूळ मालक ‘खंडकरी’ म्हणून अर्धे शतक दारे ठोठावत राहिले. त्यांना जमिनी परत मिळायला २०१२ नंतर खरी सुरुवात झाली. जमिनीतून भांडवल उभे करण्याच्या प्रत्येक योजनेच्या तळाशी असा कोणीतरी खंडकरी असतो, आणि योजना मांडणारे त्याचे नाव शेवटच्या पानावर लिहितात.

सहकाराने या दोन तालुक्यांत वेगळी वाट काढली. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, नंतर बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा: या कारखान्यांचे भांडवल शेतकऱ्याच्या शेअरमधून, सरकारच्या भागातून आणि वित्तसंस्थांच्या कर्जातून आले. पण चालते ते ‘कपाती’वर. उसाच्या बिलातून टनामागे काही रुपये शेअरसाठी, काही ठेवीसाठी, काही शिक्षण संस्थेसाठी, काही रस्त्यासाठी. कपातीवर वार्षिक सभेत भांडणे होतात, आणि ती व्हावीतच. तरीही लाभ झालेल्याने लाभाच्या प्रमाणात सार्वजनिक कामाला पैसा देणे, ही सवय इथल्या माणसाला तीन पिढ्यांची आहे. कॉलेज, दवाखाना, बंधारा यांना ती लागली. रेल्वेला मात्र कोणी टनामागे रुपया लावला नाही, आणि रेल्वेनेही मागितला नाही. उसाचा ट्रॅक्टर आणि साखरेचा ट्रक दारात उभा असताना कोण मागणार, आणि का देणार?

औद्योगिक वाढीचा चौथा फेरा महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा. १९६१ चा कायदा, १ ऑगस्ट १९६२ ला महामंडळ. त्याचे तंत्र बघितले तर ते रेल्वे कंपनीला करता आले असते नेमके तसे आहे. शेतजमीन संपादन करायची, रस्ते-पाणी-वीज घालायची, प्लॉट पाडून ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, अधिमूल्य आधी घ्यायचे, आणि पुढे कारखानदाराने प्लॉट दुसऱ्याला दिला की हस्तांतर शुल्कातून वाढलेल्या भावातला वाटाही घ्यायचा. जमीन विकली नाही, म्हणून वाढ हातातून गेली नाही. बारामतीत याच पायावर पिआजिओच्या तीनचाकी आल्या, डायनॅमिक्सची डेअरी आली, भारत फोर्ज आले, फेरेरोची चॉकलेटे आली, वस्त्रोद्योग पार्क आले. इंदापूर तालुक्यात लोणी देवकरला वसाहत झाली. भिगवणजवळचा कागद कारखाना, आधी सिनार मासचा आणि मग बल्लारपूर इंडस्ट्रीजचा, उजनीच्या पाण्याशेजारी उभा राहिला. उजनी १९८० मध्ये पुरी झाली तेव्हा तिने भीमेकाठची गावे बुडवली आणि जुना रेल्वेमार्गही सरकवायला लावला. डिकसळचा जुना रेल्वेपूल नंतर रस्त्याच्या कामाला आला. पाण्याने पुन्हा एकदा जमीन घडवली आणि रेल्वे बाजूला झाली.

बारामतीचा अरुंद रूळ गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुंद झाला. एमआयडीसी आणि रुंद रूळ जवळपास एकाच काळात आले, आणि काटफळ स्थानक वसाहतीच्या अंगाला आहे. अशा वेळी शिकागोची कंपनी काय करती? प्लॉटच्या मागच्या बाजूने रूळ घातले असते. आपल्याकडे रूळ एका खात्याचा, प्लॉट दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा. कारखान्याला सायडिंग हवी तर तिचा खर्च कारखान्याने करायचा, मंजुरी रेल्वेची. ट्रक मात्र फाटकातून सरळ आत येतो. वाहनांसाठी खास डब्यांच्या गाड्या, खासगी मालटर्मिनल, २०२१ चे गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरण हे सारे त्याच दरीवर पूल घालण्याचे उशिराचे प्रयत्न आहेत. रेल्वेने स्वतःची मोकळी जमीन व्यापारी वापरात आणावी म्हणून २००५ च्या दुरुस्तीने भूविकास प्राधिकरण आले. रेल्वेकडे देशभर चार लाख हेक्टरांहून अधिक जमीन असली, तरी तिचा मोठा भाग रुळांच्या लांब, अरुंद पट्टीत आहे, जिथे कारखाना उभा राहू शकत नाही. १८४९ च्या करारातले ‘रेल्वेच्या कामापुरते’ हे शब्द आजही असे नडतात.

महाराष्ट्रात जमिनीच्या पैशातून रेल्वे झाली ती नवी मुंबईत. तिथे जमिनीच्या कंपनीने रेल्वे ओढून आणली. सिडको १७ मार्च १९७० ला स्थापन झाली. ९५ गावांची, ३४४ चौरस किलोमीटरची जमीन अधिसूचित झाली. मानखुर्द-बेलापूर मार्गाचा ६७ टक्के खर्च सिडकोने, ३३ टक्के रेल्वेने करायचा ठरला. तिकिटावर अधिभार बसला. आणि स्थानकांवरच्या इमारतींचा व्यापारी हक्क सिडकोकडे आला. ९ मे १९९२ ला वाशीला लोकल पोचली. वाशी स्थानकाच्या डोक्यावरच्या कचेऱ्या हा या कराराचा डोळ्यांना दिसणारा भाग. उरण मार्गही याच ६७-३३ च्या वाटणीवर झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणला पोचला. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा मात्र सिडकोहून जुना, एमआयडीसीचा. त्याच्या कामगारांना ठाणे-वाशी लोकल मिळायला २००४ उजाडले, तोवर तिथल्या कित्येक रासायनिक कारखान्यांच्या जागी संगणक कंपन्या येऊ लागल्या होत्या. आणि इथेही खंडकरी होतेच: जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या लढ्याने साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना घडली. वाढलेल्या जमिनीतला तुकडा मूळ मालकाला देण्याचे तत्त्व महाराष्ट्राने गोळ्या खाऊन शिकले आहे.

पुणे जिल्ह्यातले अलीकडचे उदाहरण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचे. सुमारे २३ किलोमीटरचा हा मार्ग माणच्या आयटी पार्कपासून, म्हणजे पुन्हा एमआयडीसीच्याच जमिनीपासून सुरू होतो. तो टाटा आणि सीमेन्सच्या कंपनीला ३५ वर्षांच्या करारावर दिला गेला आणि भाड्याच्या तुटीला आधार म्हणून व्यापारी विकासासाठी जागाही दिल्या गेल्या. महानगरात हे शक्य होते. कोकण रेल्वेने जमिनीऐवजी रोखे काढले आणि राज्यांचे भाग घेतले. अहमदनगर-बीड-परळी मार्गाचा अर्धा खर्च राज्याने तिजोरीतून उचलला. ग्रामीण महाराष्ट्रात नव्या रुळाचा पैसा अजून तरी असाच, करातून येतो.

बारामतीपुढे आजचा प्रश्न आहे बारामती-फलटण मार्गाचा. लोणंद-फलटण तुकडा झाला, २०२१ मध्ये पुण्याहून फलटणला गाडी सुरू झाली, आणि बारामतीच्या बाजूचे भूसंपादन वर्षानुवर्षे रेंगाळले. यात आश्चर्य नाही. हा मार्ग जातो तो नीरेच्या पाटाखालच्या बागायतीतून. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाला दोन पटीपर्यंत गुणक आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे चौपटीपर्यंत मोबदला देता येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. वाढीचा वाटा त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. पण मग रेल्वेसाठी उरते काय? उसाच्या शेतात औद्योगिक प्लॉट पाडून रुळाचा खर्च काढायचा, हे गणित इथे बसत नाही, आणि बसवायचा प्रयत्न झाला तर तो खंडकऱ्यांच्या नव्या पिढीचा जन्म ठरेल. जमिनीतून रेल्वे ही कल्पना या दोन तालुक्यांत जिथे बसते ती जागा वेगळी आहे: काटफळ-शिर्सुफळच्या कोरड्या रानात, भिगवण-लोणी देवकरच्या बाजूला, जिथे सोलापूरचा मुख्य मार्गही लांब नाही. तिथेही नवी जमीन घेण्याआधी एमआयडीसीच्या हस्तांतर शुल्कातला ठरावीक हिस्सा सायडिंग आणि मालधक्क्यासाठी बांधून देता येईल. त्यासाठी कोणाच्याही सातबाऱ्याला हात लावावा लागत नाही. अडचण एवढीच की हे शुल्क राज्याच्या महामंडळाचे आणि रूळ केंद्राचा, आणि राज्य-रेल्वे संयुक्त कंपनी असलेल्या महारेलचा आजवरचा भर मोठ्या मार्गांवर आणि उड्डाणपुलांवर राहिला आहे. विश्वेश्वरय्यांनी पाणीपट्टीसाठी शेताशी जसा काही वर्षांचा करार केला, तसा प्लॉटधारकांशी मालवाहतुकीचा करार आधी करून मगच रूळ टाकायचा, ही पायरी कोणत्याही बाजूने अजून चढलेली नाही.